नॉर्वेतल्या फ्रोया बेटावर राहायला येताय? कागदपत्रांपासून डुग्नाडपर्यंत, म्हणजे श्रमदानापर्यंत, क्रमाने

हित्राच्या बोगद्यात बस शिरली की रस्ता खाली, आणखी खाली जात राहतो आणि जरा वेळाने कानाला दडे बसतात. डोक्यावर समुद्र असतो. ५.६ किलोमीटरचा हा बोगदा समुद्रसपाटीच्या २६४ मीटर खालून जातो. बाहेर पडलं की हित्रा बेट ओलांडायचं. मग दुसरा बोगदा, ५.३ किलोमीटरचा, १६४ मीटर खोल. त्यातून वर आलात की फ्रोया. मी पहिल्यांदा आले तेव्हा नोव्हेंबरची दुपार होती, तीन वाजले होते, आणि बोगद्यातून बाहेर आल्यावरही अंधारच होता.

मी रत्नागिरीची. मत्स्यशास्त्र शिकले आणि सामन (सॅल्मन) माशाच्या प्रक्रिया कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या नोकरीवर इथे आले. नवरा आणि मुलगी नंतर आले. ऑस्लोत स्थायिक होण्याबद्दल मराठीत विचारायला माणसं मिळतात. एवढ्या बाहेरच्या बेटावर कसं राहायचं हे सांगायला मला कोणी भेटलं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे. नियम आणि मुदती बदलत असतात, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी त्या त्या सरकारी संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. क्रम मात्र मोडू नका. माझा सगळा मनस्ताप क्रम चुकल्यामुळे झाला.

## १. आधी नकाशा नीट वाचा

फ्रोया म्हणजे एक बेट असं समजून येऊ नका. फ्रोया ही कोमुन आहे, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी स्थानिक स्वराज्य संस्था, पण शाळा, डॉक्टर, वृद्धांची देखभाल, पाणी असं सगळं सांभाळणारी. ती ट्रोंडेलाग जिल्ह्यात येते. जमीन सुमारे २४१ चौरस किलोमीटर, आणि ती विखुरलेली आहे ५,४०० च्या आसपास बेटं, बेटुकल्या आणि खडकांमध्ये. लोकसंख्या पाच हजारांच्या थोडी वर. म्हणजे माणसांपेक्षा बेटं जास्त, असं इथली मंडळी अभिमानाने सांगतात तेव्हा ती फार अतिशयोक्ती नसते.

मुख्य बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर सिस्ट्रांडा हे कोमुनचं केंद्र. कार्यालय, दुकानं, शाळा, दवाखाना तिथे. पश्चिमेच्या टोकाला तित्रान. उत्तरेच्या बाजूला माउसुंड, सुला, आणि त्याही पलीकडे ईशान्येला फ्रोआन नावाचा लांबलचक द्वीपसमूह, जिथे करडे सील पिल्लं घालतात आणि ज्याचा मोठा भाग १९७९ पासून संरक्षित आहे. अगदी टोकाला हाल्टेन.

जमीन कशी आहे? कोकणातला सडा डोळ्यासमोर आणा, जांभ्याऐवजी करडा खडक घाला, मध्ये दलदल आणि छोटी तळी, आणि सगळीकडे हेदरची बुटकी झुडपं. झाडं फारच कमी. सर्वांत उंच जागा ७६ मीटर. त्यामुळे वाऱ्याला अडवणारं काही नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, घर शोधताना उपयोगी पडेल.

थंडीला मात्र लोक उगाच घाबरतात. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे इथला हिवाळा नॉर्वेच्या आतल्या भागापेक्षा पुष्कळ सौम्य असतो, पारा बहुतेक वेळा शून्याच्या आगेमागे. त्रास होतो तो वाऱ्याचा, आडव्या पावसाचा आणि अंधाराचा. डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम साडेचार तासांचा, जूनमध्ये रात्रच अशी होत नाही.

## २. भारतातून निघण्यापूर्वी

नोकरीचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय काहीही सुरू होत नाही. कुशल कामगार म्हणून राहण्याचा परवाना यूडीआय, म्हणजे नॉर्वेचं परदेशी नागरिक संचालनालय देतं. अर्ज आणि फी ऑनलाइन, कागदपत्रं व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात.

सोबत काय काय हवं:

- पासपोर्ट, मुदत भरपूर शिल्लक असलेला
- नोकरीचा करार, पगार आणि कामाचे तास लिहिलेला
- पदवी, गुणपत्रिका, अनुभवाची पत्रं, इंग्रजीत
- राहण्याच्या जागेचा पुरावा
- लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले, अपोस्टिल केलेले, म्हणजे परदेशात चालावेत म्हणून सरकारी शिक्का घेतलेले
- लसीकरणाची नोंद, विशेषतः मुलांची

अपोस्टिलचं काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा दोन टप्प्यांचा प्रवास आहे. आमचा लग्नाचा दाखला फक्त मराठीत होता. त्याचं भाषांतर करून पुन्हा शिक्के घेण्यात घरच्यांचे येण्याचे दोन महिने पुढे गेले.

बॅगेत मसाले, डाळी, कोकम आणा. तूप, खवा, पेढे, दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ आणू नका. युरोपबाहेरून ते आणायला बंदी आहे आणि विमानतळावर ते काढून घेतले जातात. आईने दिलेला तुपाचा डबा तिथे ठेवून पुढे जाणं काय असतं ते मी अनुभवलं आहे.

कपड्यांत जाडजूड कोटापेक्षा लोकरीचे आतले कपडे आणि वारा-पाऊस आत न येणारं जाकीट महत्त्वाचं. ते इथे येऊनच घ्या. छत्री आणूच नका.

## ३. बेटावर पोहोचणं

ट्रॉन्डहाइमचा विमानतळ वार्नेसला आहे. तिथून शहरात आणि शहरातून फ्रोयाची बस. सिस्ट्रांडापर्यंतचं अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, वेळ सुमारे तीन तास. रस्ता ओर्कांगरवरून ७१४ क्रमांकाच्या मार्गाने येतो. ओर्कांगर लक्षात ठेवा, जवळचं मोठं इस्पितळ तिथे आहे.

बसची तिकिटं आणि वेळापत्रक एटीबी या इथल्या बससेवेच्या ॲपवर. विमान संध्याकाळी उशिरा उतरणार असेल तर ट्रॉन्डहाइमला मुक्काम करा. शेवटची बस गेली की गेली.

## ४. पहिले चार आठवडे

इथे तीन घड्याळं एकदम चालू होतात.

सात दिवस: पोलीस. पोहोचल्यावर सात दिवसांत पोलिसांकडे नोंद करायची असते. बोटांचे ठसे, फोटो, आणि मग राहण्याच्या परवान्याचं कार्ड टपालाने घरी. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि मला ती ट्रॉन्डहाइमलाच मिळाली. भारतातून निघण्याआधीच वेळ नोंदवता आली तर नोंदवा.

आठ दिवस: स्थलांतराची सूचना. सहा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर आठ दिवसांत कर खात्याला, म्हणजे स्काटे-एटाटनला कळवायचं. लोकसंख्येची नोंद याच खात्याकडे असते. ओळख पटवायला प्रत्यक्ष जावं लागतं, घरातल्या प्रत्येकाने, तान्ह्या बाळानेसुद्धा. पासपोर्ट, परवाना, नोकरीचा करार, घराचा करार आणि ते अपोस्टिल केलेले दाखले मूळ प्रतीत न्या.

चार आठवडे: क्षयरोगाची तपासणी. भारतातून तीन महिन्यांहून जास्त काळासाठी येणाऱ्यांना ही सक्तीची आहे आणि मोफत आहे. कोमुनच्या आरोग्य विभागाला स्वतःहून फोन करा. कोणी बोलावेल म्हणून वाट पाहू नका.

पोलीस आणि कर खातं या दोन्ही वेळा एकाच दिवशी, एकाच शहरात मिळतील असं बघा. मी दोन वेगळ्या आठवड्यांत गेले, दोन दिवस बिनपगारी रजा पडली आणि बसमधले बारा तास.

## ५. एक अकरा आकडी नंबर, आणि त्याच्यावर उभं राहिलेलं सगळं

स्थलांतराची नोंद झाली की फोडसेल्सनुमर मिळतो. अकरा आकडे, त्यातले पहिले सहा तुमची जन्मतारीख. तात्पुरतं येणाऱ्यांना त्याऐवजी डी-नुमर मिळतो, त्यावर कर भरता येतो पण बाकीची बरीच दारं बंद राहतात.

या नंबराची साखळी अशी आहे: नंबर मिळाला की बँकेत खातं, खातं उघडलं की बँकआयडी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याची सोय, बँकआयडी आला की आरोग्य, कर, शाळा, कोमुन या सगळ्यांच्या संकेतस्थळांवर प्रवेश, आणि व्हिप्स. व्हिप्स म्हणजे फोनवरून पैसे देण्याची सोय, आपल्या यूपीआयसारखी. शाळेच्या मेळाव्यात केक विकत घ्यायचा तरी व्हिप्स. पहिल्याच महिन्यात गावच्या सभागृहात बाजार भरला होता. मी रोख नोट घेऊन टेबलापाशी उभी आणि पलीकडच्या आजीबाईंकडे सुट्टे पैसे नाहीत. त्यांनी वाफळ (वॉफल) माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, नंतर दे. तीन महिन्यांनी माझं व्हिप्स सुरू झालं, तेव्हा पहिले पैसे मी त्यांना पाठवले.

बँक वेळ लावते. पासपोर्ट, करार, राहण्याचा परवाना, पगार कुठून येणार, भारतात पैसे पाठवणार का, सगळं विचारते. प्रामाणिक आणि पूर्ण उत्तरं द्या. अर्धवट अर्ज रांगेत पुन्हा मागे जातो.

करकार्ड विसरू नका. स्काटेकोर्ट नसेल तर मालकाला तुमच्या पगारातून ५० टक्के कर कापावाच लागतो. ज्यादा गेलेले पैसे परत मिळतात, पण पहिल्या महिन्याच्या भाड्याला ते हातात नसतात. परदेशातून नव्याने आलेल्यांना पहिल्या वर्षी बहुधा २५ टक्क्यांच्या ठोक योजनेत घातलं जातं. त्यात हिशेब सोपा, पण कोणतीही वजावट नाही. तुमच्यावर घरच्या कर्जाचं व्याज वगैरे असेल तर आकडेमोड करून त्यातून बाहेर पडता येतं.

## ६. घर: वारा, भिंती आणि अनामत

फिन या संकेतस्थळावर जाहिराती असतात, पण बेटावर बरीच घरं तोंडी सांगूनच भाड्याने जातात. कामाच्या ठिकाणी, दुकानाच्या फलकावर, शेजाऱ्यांत सांगून ठेवा. कारखान्यांमुळे मागणी बरीच आहे. पोलंड, लिथुआनिया आणि इतर देशांतून आलेली अनेक कुटुंबं इथे राहतात.

घर बघताना विचारायच्या गोष्टी: दार कोणत्या दिशेला उघडतं, गरम करायला काय आहे, वीजबिल भाड्यात धरलं आहे का, बस थांबा किती लांब. नैर्ऋत्येच्या वाऱ्याच्या तोंडावर दार असेल तर हिवाळ्यात ते उघडायला दोन्ही हात लागतात, हे मी लाक्षणिक अर्थाने सांगत नाही.

अनामत रकमेबाबत सावध राहा. कायद्याने ती सहा महिन्यांच्या भाड्याहून जास्त असू शकत नाही आणि ती तुमच्या नावाच्या वेगळ्या, बंद खात्यात ठेवावी लागते. मला एका घरमालकाने स्वतःच्या खात्यात पैसे टाकायला सांगितले होते. नवखी असल्याने मी टाकलेही. परत मिळवायला पाच महिने गेले. करार लेखी करा आणि आत शिरताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून मालकाला पाठवा.

## ७. वारा वाचायला शिका

कोकणातल्या कोळ्याला मतलई कधी सुटणार ते कळतं. इथेही तसंच आहे, फक्त सगळ्यांच्या हातात यर हे हवामानाचं ॲप असतं. त्यात वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये लिहितात आणि लोक त्याला नावाने ओळखतात. साधारण ११ ते १४ म्हणजे लितेन कुलिंग, १४ ते १७ स्तिव्ह कुलिंग, १७ ते २१ म्हणजे स्टेर्क कुलिंग, त्यावर वादळ. स्टेर्क कुलिंग लिहिलेलं दिसलं की कचऱ्याचा डबा बांधा, सायकल आत घ्या, आणि बाहेरच्या बेटावर जायचं असेल तर परतीचा दुसरा बेत ठरवा.

माउसुंड, सुला आणि फ्रोआनकडे पुलाने जाता येत नाही. फेरी किंवा वेगवान बोट, आणि तिचं वेळापत्रक हवामानाच्या मर्जीवर. फलकावर ‘इन्स्टिल्ट’ दिसलं की फेरी रद्द. सुट्टीच्या दिवसांचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही बघा. सुलाला मी एकदा दिवसाभरासाठी गेले आणि दोन रात्री राहिले. जिच्या कामासाठी गेले होते तिने पहिल्या रात्री ठेवून घेतलं, दुसऱ्या रात्री तिच्या शेजारणीने. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

स्वतःची छोटी बोट घ्यायचा मोह उन्हाळ्यात होतोच. दोन नियम पाठ करा. आठ मीटरपेक्षा लहान बोट चालू असताना लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं आहे. आणि तुमचा जन्म १९८० किंवा नंतरचा असेल तर आठ मीटरहून मोठ्या बोटीला किंवा २५ अश्वशक्तीपेक्षा मोठ्या इंजिनाला परवाना लागतो. या पाण्यात खडक भरतीला झाकले जातात. तुम्ही मालवणच्या समुद्रात वाढला असाल तरी पहिले दोन उन्हाळे इथल्या माणसासोबत जा.

धक्क्यावरून गळ टाकायला मात्र काही लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मॅकरेल येतो. आपल्या बांगड्याचा हा चुलतभाऊ, अंगावर तशाच लाटांच्या रेघा, चरबी जास्त. कोकम घालून तिखलं उत्तम होतं. थोडं पाणी कमी ठेवा, तेल तो स्वतःच सोडतो.

संकटकाळचे नंबर फोनमध्ये आजच भरा: आग ११०, पोलीस ११२, रुग्णवाहिका ११३, समुद्रावर १२०. डॉक्टरची वेळ संपल्यावर तातडीचं काही असेल तर ११६११७.

आणि हिवाळ्यात चालायला निघताना कोटाला रिफ्लेक्टर लावा. रस्त्यावर दिवे सगळीकडे नाहीत.

## ८. तित्रानला एक दुपार द्या

हा टप्पा कुठल्याच सरकारी यादीत सापडणार नाही, पण मी तो घराच्या करारानंतर लगेच ठेवेन. कारण बेटावरची माणसं ज्या गोष्टी बोलून दाखवत नाहीत त्या इथे कळतात.

१८९९ च्या ऑक्टोबरमध्ये तित्रानच्या बाहेर हेरिंग माशाचा मोठा थवा आला होता. दूरदूरच्या गावांतून बोटी जमल्या. १३ तारखेची संध्याकाळ शांत होती म्हणून माणसं उघड्या बोटी घेऊन जाळी टाकायला गेली. रात्रीत वादळ उठलं. १४० कोळी परत आले नाहीत. तित्रानला त्यांचं स्मारक आहे. तिथे उभं राहिलं की समोर सगळीकडे खडकच खडक फेसाळताना दिसतात आणि अंधारात, वल्ह्यांवर, किनारा गाठणं म्हणजे काय असेल ते कळतं. या दुर्घटनेनंतर उघड्या बोटींऐवजी वरून बंदिस्त डेक असलेल्या बोटींचा आग्रह वाढला. स्मारकापासून बाहेर समुद्रात स्लेट्रिंगेनचं दीपगृह दिसतं, ४५ मीटर उंचीचं, नॉर्वेतलं सर्वांत उंच.

माझ्यासोबत काम करणारे एक वयस्क गृहस्थ वाऱ्याचा अंदाज बघितल्याशिवाय कधी घराबाहेर पडत नाहीत. मला आधी ते अतिसावध वाटायचे. तित्रानला जाऊन आल्यावर तसं वाटेनासं झालं.

पूर्वी बाहेरची बेटं हीच महत्त्वाची होती. मासा जिथे, वस्ती तिथे. वल्ह्याच्या आणि शिडाच्या बोटीला मासेमारीच्या जागेजवळ राहणं भाग होतं. इंजिनं आली, बोटी मोठ्या झाल्या, आणि माणसं हळूहळू मुख्य बेटाकडे सरकली. हाल्टेनसारख्या ठिकाणी आता उन्हाळ्यात घरांची दारं उघडतात. माउसुंड आणि सुलावर मात्र वस्ती टिकून आहे, आणि ती टिकवणं हा तिथल्या लोकांच्या जिवाचा विषय आहे. फेरीच्या एका खेपेवरून सभेत तासभर वाद होतो तो त्यामुळे.

कारभाराचा इतिहास थोडक्यात: १८७७ मध्ये फ्रोया हित्रापासून वेगळी झाली, १९०६ मध्ये तिचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, १९६४ मध्ये ते पुन्हा एक झाले. आजही म्हातारी माणसं कोण कुठल्या भागातलं ते सांगतात.

मग सामन. १९७० मध्ये शेजारच्या हित्रावर ग्रोंट्वेट बंधूंनी समुद्रात तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यांत सामन वाढवून दाखवला. खाडीत डबकं बांधून मासे पाळण्यापेक्षा हे वेगळं होतं, भरती-ओहोटीचं वाहतं पाणी आपोआप आत-बाहेर. या पिंजऱ्याला इथे मेर्द म्हणतात, हा शब्द पहिल्या दिवसापासून कानावर पडेल. १९९१ मध्ये फ्रोयावर सालमार ही कंपनी सुरू झाली आणि आज ती जगातल्या मोठ्या सामन उत्पादकांत गणली जाते. २०१७ मध्ये तिने फ्रोयाच्या बाहेरच्या खुल्या समुद्रात ओशन फार्म १ नावाचा ११० मीटर व्यासाचा प्रचंड पिंजरा आणून ठेवला.

दरम्यान १९९४ मध्ये हित्राचा बोगदा झाला, २००० मध्ये फ्रोयाचा. ताजा मासा ट्रकमधून थेट युरोपच्या रस्त्याला लागू लागला. तुमची-माझी नोकरी या दोन बोगद्यांमुळे आहे. एखादा बोगदा दुरुस्तीसाठी रात्री बंद असतो तेव्हा ते चांगलंच लक्षात येतं, म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी रस्त्याची सूचना तपासा.

सामनबद्दल बेटावर एकमत आहे असं समजू नका. पैसा आला, शाळा भरल्या, तरुण परतले. पण समुद्री उवा, पिंजऱ्याखालचा गाळ, रानटी सामनवरचा परिणाम, जुन्या मासेमारीच्या जागा यांवर तळमळीने बोलणारे लोक आहेत, आणि त्यांपैकी काहींची मुलं तुमच्याच कारखान्यात काम करतात. पहिलं वर्ष ऐकून घ्या.

## ९. डुग्नाडला जा, बोलावणं आलं की लगेच

डुग्नाड म्हणजे श्रमदान. आपल्याला हा शब्द समजवावा लागत नाही. वसंतात शाळेचं मैदान साफ करणं, सभागृहाला रंग देणं, फुटबॉलच्या सामन्याला वाफळं भाजणं, किनाऱ्यावरचं प्लास्टिक उचलणं. माउसुंडच्या बाजूला तर समुद्राने आणून टाकलेल्या कचऱ्याचं काम वर्षानुवर्षं चालू आहे.

सक्ती नसते, पण कोण आलं आणि कोण नाही ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. माझ्या पहिल्या डुग्नाडला आम्ही आठ जण किनाऱ्यावर होतो. हातमोजे, मोठ्या पिशव्या, खडकांच्या फटीत अडकलेले निळे-हिरवे दोरखंड. दोर ओढायचा, तो येत नाही, मग सुरीने कापायचा, पुन्हा ओढायचा. दोन तास कोणी फारसं बोललं नाही. मग थर्मासमधली कॉफी निघाली आणि मला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, तुझ्या गावी समुद्र कसा आहे? सहा महिने ज्यांच्याशी मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती ती माणसं त्या दिवसानंतर दुकानात थांबून बोलू लागली.

ग्रेंडेहुस म्हणजे वाडीचं सभागृह. तिथले बाजार, लॉटरी, नाताळच्या झाडाभोवतीची गाणी, सगळ्याला जा. लॉटरीत बक्षीस म्हणून कधी कॉफीचं पाकीट असतं, कधी खेकड्यांची पिशवी. १७ मे या राष्ट्रदिनाला मुलांची मिरवणूक निघते. तुमच्या मुलीला परकर-पोलकं घालून न्या, इथेही सगळे आपापला पारंपरिक पोशाख घालतात. २३ जूनला संध्याकाळी किनाऱ्यावर होळीसारखी आग पेटवतात. फक्त स्वतःच्या अंगणात आग करताना सावध: हेदर कोरडं असलं की पेट घेतं, जानेवारी २०१४ मध्ये भर हिवाळ्यात इथे मोठा वणवा लागला होता आणि लोकांना घरं सोडावी लागली होती.

कोणाकडे न सांगता जाण्याची पद्धत नाही. पण एकदा जेवायला गेलात की पुढच्या भेटीत ‘ताक फोर सिस्त’ म्हणा, मागच्या भेटीबद्दल आभार. एवढ्याने चेहरे खुलतात.

## १०. भाषा

कारखान्यात इंग्रजी चालून जाते, त्यामुळे नॉर्वेजियन पुढे ढकललं जातं. ढकलू नका. कामासाठी आलेल्यांना वर्गाची फी साधारणपणे स्वतः भरावी लागते. कोमुनच्या प्रौढ शिक्षण विभागात चौकशी करा, आणि नोकरीच्या ठिकाणी फी उचलतात का तेही विचारा.

पुस्तकात ‘मी’ला ‘याय’ शिकवतात. इथे सगळे ‘अॅ’ म्हणतात. पहिले दोन महिने मला वाटायचं लोक विचार करताना आवाज काढतात. रत्नागिरीच्या माणसाला प्रमाण मराठी आणि घरची बोली यांतलं अंतर माहीत असतं, तेच इथे आहे. बोली ऐकून समजू लागली की झालं, तुम्ही पुस्तकी बोललात तरी कोणी हसत नाही.

मत्स्यपालनात पुढे जायचं असेल तर त्या विषयातलं फागब्रेव, म्हणजे व्यवसाय प्रमाणपत्र, खूप मोलाचं. पुरेसा अनुभव असलेल्या प्रौढांना ते नोकरी करता करता घेता येतं. भारतीय पदवीची मान्यता एचके-डीर या संस्थेकडून करून घ्या, अर्ज मोफत आहे.

## ११. डॉक्टर, मुलं, गाडी

फोडसेल्सनुमर मिळाल्यावर हेल्सेनोर्गे या आरोग्याच्या संकेतस्थळावर तुमचा फास्टलेगे, म्हणजे ठरलेला डॉक्टर निवडा. तज्ज्ञाकडे थेट जाता येत नाही, त्याच्याच चिठ्ठीने. वर्षभर भरलेल्या शुल्काला एक मर्यादा आहे, ती ओलांडली की पुढचे उपचार त्या वर्षी मोफत.

मुलं सहाव्या वर्षी शाळेत जातात. त्याआधीच्या बार्नेहागेसाठी, म्हणजे बालवाडीसाठी, मुख्य प्रवेशाचा अर्ज वसंतात, तारीख कोमुनच्या पानावर. पावसात मुलांना बाहेर खेळवतात, म्हणून डब्यापेक्षा आधी चांगला रेनकोट आणि गमबूट घ्या, प्रत्येक वस्तूवर नाव लिहून.

भारतीय वाहन परवाना इथे राहायला आल्यापासून तीन महिनेच चालतो आणि थेट बदलून मिळत नाही. शिकवणी, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा, सगळं करावं लागतं आणि ते महाग आहे. बेटावर गाडीशिवाय राहणं जमतं, पण कामाच्या पाळीच्या वेळांना बस जुळत नाही. पहिल्याच वर्षी त्यासाठी पैसे बाजूला काढा.

## १२. तीन वर्षांनी

नागरिक नसलात तरी नॉर्वेत सलग तीन वर्षं नोंदीत राहिलात की स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. कोमुनची निवडणूक दर चार वर्षांनी सप्टेंबरमध्ये असते, मागची २०२३ ला झाली. मत्स्यपालनातून कोमुनला जो निधी मिळतो तो कुठे खर्च करायचा, माउसुंडची शाळा, सुलाची फेरी, सिस्ट्रांडाचा दवाखाना, हे निवडून आलेल्या कोमुनच्या सभेत ठरतं. सभा खुल्या असतात, मत नसतानाही मागे बसून ऐकता येतं. मी जाते. मतदानाच्या दिवशी फोटो असलेलं ओळखपत्र सोबत न्यायला विसरू नका.